घरच्या शुश्रूषेचा खर्च



तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु येथे दुसऱ्या सरफोजी राजांनी मुक्तांबाळ हिच्या नावे छत्र, म्हणजे अन्नछत्रासह धर्मशाळा, बांधले. तंजावरच्या छत्रांत आजारी प्रवाशाला वैद्य, औषध आणि पथ्याचे अन्न मिळे, असे त्यांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला कळविले होते. हा खर्च इनाम जमिनींच्या उत्पन्नातून चाले.

आज त्याच गावातील शेतमजुराच्या घरी ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा कर्करोग आला तर? उपचारांनंतरही निम्मे रुग्ण साधारण १५ महिन्यांहून अधिक जगत नाहीत. झटके येतात, अंग लुळे पडते, स्वभाव पालटतो. हे शेवटचे कुटुंबाला सर्वांत जड जाते. रुग्णाला एकटे सोडता येत नाही आणि मजुरी बुडते, ती बहुधा स्त्रीची. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार कुटुंबीयांची विनावेतन देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी १३४ मिनिटे देत होत्या, पुरुष ७६. राष्ट्रीय उत्पन्नात हे श्रम धरले जात नाहीत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

२०१८ ची आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण देते, पण ते प्रामुख्याने रुग्णालयातील उपचारांसाठी. तमिळनाडूच्या ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’ योजनेने २०२१ पासून परिशामक सेवा घरापर्यंत नेली, हे निश्चितच मोठे पाऊल होय. परंतु परिचारिका परतल्यावर रात्रीचा झटका घरच्यांनाच सांभाळावा लागतो. त्यांना बुडीत मजुरीचा भत्ता आणि मधूनमधून विसावा द्यावयास हवा. आजाराची मुदतच अल्प असल्याने हा भार राज्याच्या तिजोरीस पेलण्याजोगा आहे.