बाळ अंगावर धरत नसेल तर



आज बोंडअळी नाही, दादरची पेरणीही नाही. आजचा विषय घरातला आहे. नवं बाळ पहिल्या तीन-चार दिवसांत आईच्या अंगावर नीट धरत नाही. आईला दुखतं, बाळ रडतं, घरातले घाबरतात आणि कोणीतरी पारोळ्याला जाऊन बाटली आणि पावडरीचा डबा घेऊन येतं. शेतीखात्याच्या माणसानं यात कशाला पडावं, असं काहींना वाटेल. पण गोठ्यातल्या वासराला चीक पाजण्याविषयी मी गावोगाव बोलतो, तेव्हा बाया हळूच घरातल्या बाळंतिणीचं विचारतात. आरोग्य खात्याच्या सिस्टरबाई आणि आशाताई जे शिकवतात, तेच मी आपल्या भाषेत सांगतो आहे.

सुरुवात गोठ्यातूनच करू. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगाशी लढण्याची शक्ती जवळजवळ मिळत नाही. ती सगळी चिकात असते. आणि वासराचं आतडं ती शक्ती जन्मानंतर थोडे तासच आत घेतं, दिवस उलटला की ते दार बंद होतं. म्हणून व्याल्यावर तास-दोन तासांत पहिला चीक पोटात गेला पाहिजे. पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर चीक पाजायचा. "जार पडल्याशिवाय पाजू नये" हा समज अजून पुष्कळ वाड्यांवर आहे. त्यात वासराचे मोलाचे तास जातात. उलट वासरू ओढायला लागलं की जार पडायला मदतच होते. खरवस नंतर करा, वासराचं पोट भरल्यावर.

आता घरात या. माणसाच्या बाळाला थोडी शक्ती आईच्या पोटात वारेतून मिळते, तेव्हा ते वासराइतकं उघडं पडत नाही. पण त्याच्या आतड्याला आतून अस्तर लावावं तसं राखण करणारं द्रव्य आईच्या पहिल्या पिवळसर, घट्ट दुधातच असतं. ते "नासकं" म्हणून पिळून टाकायचं आणि तोवर बाळाला गुळाचं पाणी, मध किंवा घुटी चाटवायची, हे बंद झालं पाहिजे. मधातून तर तान्ह्या बाळाला विषबाधासुद्धा होऊ शकते. बाळ जन्मल्यावर पहिल्या तासातच आईच्या उघड्या छातीवर ठेवावं. सिझेरियन झालं असलं तरी आई शुद्धीवर असेल तर पाजता येतं, कुशीवर निजून.

"पण दूधच उतरलं नाही!" हे वाक्य दर दुसऱ्या घरात ऐकू येतं. अहो, पहिल्या दिवशी बाळाची भूक असते एका वेळी चमचाभर. चीकही तेवढाच येतो. भरपूर दूध दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भरतं, आणि तेही बाळ ओढत राहिलं तरच. विहिरीचा उपसा थांबवला की झरे मंदावतात, तसंच हे आहे. बाटली लावली की बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी होतं, आणि मग सासूबाई म्हणतात, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

गाय पान्हा चोरते हे तुम्हाला मी सांगायला नको. गोठ्यात कुत्रं शिरलं, अनोळखी माणूस धारेला बसला, काठी उगारली, की कास भरलेली असूनही दूध खाली येत नाही. बाईचंही असंच आहे. दूध सोडणारं द्रव्य शरीरात मायेनं आणि निवांतपणानं सुटतं, भीतीनं आणि दुखण्यानं अडतं. ओल्या बाळंतिणीभोवती आठ बाया जमून "हिला दूधच नाही" म्हणत बसल्या, तर येणारं दूधही अडेल. एक समजूतदार बाई जवळ ठेवा, बाकीच्यांना बाहेर पडवीत चहा द्या.

आता मुख्य मुद्दा, बाळाला लावायचं कसं. पुष्कळदा दूध असतं, पण बाळाची पकड चुकलेली असते.

आईनं पाठीला आधार घेऊन बसावं, पाय टेकलेले असावेत. वाकून बाळाकडे जाऊ नये, बाळाला उचलून छातीशी आणावं. बाळाचं सगळं अंग आईकडे वळलेलं हवं. कान, खांदा, कंबर एका ओळीत. नुसती मान वळवून कोणाला गिळता येतं का? स्वतः पाणी पिऊन बघा. उजव्या बाजूला पाजायचं असेल तर बाळ डाव्या हातावर घ्यावं. डाव्या हातानं त्याच्या मानेला, कानांच्या खाली आधार द्यावा आणि उजव्या हातानं स्तन खालून धरावा. डोकं मागून दाबू नये, दाबलं की बाळ उलट ताठ होतं. स्तनाचं टोक बाळाच्या नाकासमोर आणावं, वरच्या ओठाला हलकेच लावावं आणि थांबावं. घाई इथंच होते. बाळ जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडेल, त्या क्षणी त्याला चटकन जवळ घ्यावं, हनुवटी आधी.

पकड बरोबर असेल तर हनुवटी स्तनाला टेकलेली असते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो आणि काळा भाग खालच्या ओठाकडे कमी दिसतो, वर जास्त. गाल खळगी पडत नाहीत. दूध उतरल्यावर गिळल्याचा आवाज येतो. नुसतं टोक तोंडात असेल तर दूध येत नाही आणि टोकाला चिरा पडतात. वासरू सड ओढतं, पण आपल्या बाळानं सड नाही, कासच तोंडात घ्यायची असते असं समजा. त्यामुळे टोक चपटं किंवा आत गेलेलं असलं तरी बहुतेक बायांना पाजता येतं. अडलंच तर सिस्टरबाईंना दाखवा.

पहिल्या घोटांना जरा ओढल्यासारखं वाटेल. पण दुखतच राहिलं, किंवा तोंडातून निघाल्यावर टोक चेपलेलं दिसलं, तर पकड चुकली. बाळाला ओढून काढू नका. स्वच्छ करंगळी त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवा, पकड सुटते. मग पुन्हा लावा. दहा वेळा लावावं लागलं तरी चालेल. मुंबईच्या आयआयटीतल्या डॉ. रूपल दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत दाखवणाऱ्या मराठी चित्रफिती केल्या आहेत. घरात मोबाईल असेल तर आशाताईंकडून त्या मागून घ्या आणि बाळंतिणीसोबत तिच्या सासूनं आणि नवऱ्यानंही बघाव्यात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते, तेव्हा बाळाला धरताच येत नाही. लावण्याआधी कोमट पाण्याचा कपडा ठेवा आणि हातानं थोडं दूध काढून काळा भाग मऊ करा. अंगठा आणि बोट काळ्या भागाच्या कडेला ठेवायचं, आधी छातीकडे मागे दाबायचं, मग दोन्ही एकमेकांकडे. धार काढताना जसं ओढतो तसं ओढायचं नाही. पाजून झाल्यावर गार कपडा ठेवला की बरं वाटतं.

बाळ अशक्त आहे, ओढतच नाही, तर असंच काढलेलं दूध स्वच्छ वाटी-चमच्यानं पाजा. बाटली नको, ती नीट धुतली जात नाही. १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची पेढी काढली, आशियातली पहिली, ती अशाच कमी दिवसांच्या बाळांसाठी. डब्याच्या दुधाची जाहिरात तर १९९२ च्या कायद्यानं बंद आहे. दुकानदार गुण गाऊ लागला तर हे त्याला ऐकवा.

दूध पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. लघवी मोजा. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा झाली, शी काळ्याची पिवळी झाली, तर दूध पोहोचतं आहे. वजन पहिल्या दिवसांत थोडं उतरतं, दोन आठवड्यांत परत भरून यायला हवं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं, रात्रीही. आणि आपल्या खान्देशच्या वैशाखात, पारा ४४ वर गेला तरी, सहा महिन्यांपर्यंत बाळाला वेगळं पाणी नको. आईच्या दुधात बहुतांश पाणीच असतं. पाणी आईला द्या, तांब्या भरून तिच्या हाताशी ठेवा.

बाळ अजिबात ओढत नाही, सुस्त पडतं, अंग गार किंवा तापलेलं लागतं, श्वास जोरात चालतो, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, लघवी होत नाही, तर भगत नको, घुटी नको. १०८ ला फोन करा किंवा थेट सरकारी दवाखाना गाठा. आईला ताप येऊन स्तनावर लाल, दुखरी गाठ आली तरी दाखवा, पण पाजणं थांबवू नका.

आशाताईंच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी असतात. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरच्या घरी बाळांची काळजी घेतली, तेव्हा बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले. तो अभ्यास १९९९ साली छापून आला. तेव्हा आशाताई आल्या की "बाळ झोपलंय, नंतर या" म्हणू नका. त्यांच्यासमोर पाजून दाखवा.

शेवटी पुरुषमंडळींना एक सांगतो. दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो, मजूर मिळत नाहीत आणि महिन्याभराची बाळंतीण वेचणीला निघते. होता होईल तो तिला नेऊ नका. न्यावंच लागलं तर बाळ शेताच्या बांधावर सावलीत, जवळ कोणीतरी, आणि दर दोन-अडीच तासांनी तिला वेचणीतून उठवायचं. बाळ घरी ठेवलं तर दूध काढून झाकणाच्या स्वच्छ स्टीलच्या वाटीत ठेवावं. घरातल्या गार जागी ते चार तास चालतं, उन्हाळ्यात त्याहून लवकर संपवावं. आणि ती घरी आली की आधी हातपाय धुऊन बाळाला घेईल, भाकरी तोवर दुसऱ्या कोणी थापावी.