लंडनचा ‘टाइम्स’ : वजन कसे येते आणि कसे जाते



आपल्याकडे ओट्यावर किंवा हजामाच्या दुकानात वाद रंगला की शेवटी कोणीतरी एक हुकमाचे पान टाकतो : “अहो, पेपरात छापून आलंय!” मग समोरचा निम्मा गप्प बसतो. छापून आलेल्या शब्दाला हे वजन कोठून आले? काळ्या शाईत तर ते नसते. तसे असते, तर लग्नाच्या पत्रिकेतले प्रत्येक विशेषण आपण खरे मानले असते! वर्तमानपत्राच्या शब्दाला वजन कसे येते, ते टिकते कशाने आणि जाते कशाने, याचा विचार आज एका पत्राच्या चरित्राच्या आधाराने करावा, असा माझा विचार आहे. ते पत्र म्हणजे लंडनचा ‘टाइम्स’. आपल्या मुंबईचा ‘टाइम्स ऑफ इंडिया’ निराळा, हे आरंभीच सांगून ठेवतो.

या पत्राचा जन्म काही फार उदात्त हेतूने झाला नाही. जॉन वॉल्टर नावाचा एक कोळशाचा व्यापारी विम्याच्या धंद्यात बुडाला. त्याने छपाईच्या एका नव्या युक्तीचे हक्क घेतले होते. एकेक अक्षराचे खिळे जुळवण्याऐवजी सबंध शब्दांचे खिळे ओतून ठेवायचे, अशी ती युक्ती. तिची जाहिरात व्हावी म्हणून त्याने 1 जानेवारी 1785 रोजी ‘डेली युनिव्हर्सल रजिस्टर’ हे पत्र काढले. युक्ती फसली, पण पत्र राहिले. 1788 च्या 1 जानेवारीला त्याचे नाव ‘टाइम्स’ झाले. हा पहिला वॉल्टर सरकारी खजिन्यातून वर्षाला तीनशे पौंड घेऊन सरकारला सोयीचा मजकूर छापत असे. राजपुत्रांवरील बदनामीकारक मजकुराबद्दल तो न्यूगेटच्या तुरुंगातही जाऊन आला. थोडक्यात म्हणजे, पुढे ज्याच्या नावाने मंत्री दचकत, तो ‘टाइम्स’ मिंधेपणाच्याच पाळण्यात वाढला.

पालट झाला तो मुलाच्या हातून. दुसरा जॉन वॉल्टर 1803 मध्ये कारभार पाहू लागला. त्याने मंत्र्यांवर टीका केली, तेव्हा सरकारने आपले छपाईचे काम काढून घेतले. परदेशातून येणारी त्याची टपाले बंदरावर अडवली जाऊ लागली. तडजोड केली तर टपाल सोडू, असे सुचवण्यात आले. त्याने तडजोड केली नाही. स्वतःची माणसे परदेशी धाडली आणि स्वतःची टपालाची सोय लावली. पुष्कळदा सरकारच्या आधी बातमी त्याच्याकडे येऊ लागली. मंडळी, वजनाची पहिली पायरी ही. आपली बातमी आपण आणायची आणि आपल्या पैशाने आणायची.

पण त्याला पैसा हवा, आणि पैशाला खप हवा. त्या काळच्या हातदाब्यावर तासाला अडीचशेच्या आसपास कागद निघत. कोनिग या जर्मन कारागिराने वाफेवर चालणारे यंत्र तयार केले, ते वॉल्टरने गुपचूप शेजारच्या इमारतीत बसवले. गुपचूप अशासाठी की पोट जाईल या भीतीने कामगार यंत्र फोडतील, असा धाक होता. 29 नोव्हेंबर 1814 च्या पहाटे दाबेवाले कामगार परदेशच्या बातमीची वाट पाहात बसले होते. वॉल्टर आत आला आणि म्हणाला, आजचा अंक वाफेवर छापून झाला आहे. दंगा कराल तर बंदोबस्त आहे, आणि शांत राहाल तर दुसरे काम मिळेपर्यंत तुमचा पगार चालू राहील. ते यंत्र तासाला अकराशे कागद छापी. 1815 च्या सुमारास पाच हजारांच्या घरात असलेला खप शतकाच्या मध्याला पन्नास हजारांच्या आसपास गेला. खप वाढला तशा जाहिराती वाढल्या, आणि जाहिराती हजारो लहानसहान लोकांकडून येऊ लागल्यावर कोणा एका मंत्र्याच्या थैलीकडे पाहण्याचे कारण उरले नाही. स्वातंत्र्य हे नुसत्या बाणेदारपणावर उभे राहात नाही, त्याला जमाखर्चाचीही बाजू असते.

या भक्कम पायावर दोन संपादकांनी इमारत चढवली. थॉमस बार्न्स 1817 ते 1841, आणि जॉन डिलेन 1841 ते 1877. बार्न्सच्या काळात, 1832 च्या सुधारणा कायद्याच्या चळवळीत, पत्राने असा आवाज लावला की लोक त्याला ‘थंडरर’, म्हणजे गर्जणारा, म्हणू लागले. डिलेन संपादक झाला तेव्हा अवघा तेवीस वर्षांचा होता. 1852 मध्ये लॉर्ड डर्बी याने असे बजावले की, ज्या पत्रांना मुत्सद्द्यांवर वजन पाडायचे आहे त्यांनी मुत्सद्द्यांची जबाबदारीही पत्करावी. म्हणजे, सांभाळून लिहा. ‘टाइम्स’ने जे उत्तर दिले त्याचा आशय असा : मुत्सद्द्याचे काम वेगळे आणि पत्राचे काम वेगळे. आमचे काम लवकरात लवकर खरी बातमी मिळवायची आणि ती लगेच सर्वांची करून टाकायची.

हे बोलणे दोनच वर्षांत कसोटीला लागले. 1854 मध्ये इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. ‘टाइम्स’चा विल्यम हॉवर्ड रसेल सैन्याबरोबर गेला. सेनापतींना तो नकोसा होता, पण त्याने पाहिले ते लिहिले. थंडीत कपड्यांवाचून कुडकुडणारे शिपाई, पटकीने मरणारी माणसे, बेजबाबदार कारभार, सगळे त्याने लिहिले. कॉन्स्टँटिनोपलहून दुसरा बातमीदार थॉमस चेनेरी याने स्कुटारीच्या इस्पितळातील हाल कळवले. त्या बातम्यांनी इंग्लंड हादरले. ‘टाइम्स’ने जखमींसाठी निधी उभारला, फ्लॉरेन्स नाइटिंगेल परिचारिका घेऊन गेल्या आणि जानेवारी 1855 मध्ये ॲबर्डीनचे मंत्रिमंडळ पडले. आपल्याच देशाच्या ऐन लढाईत आपल्याच सरकारची लक्तरे वेशीवर टांगणे सोपे नव्हते. पण शिपायांच्या आयांनी त्या पत्राला दुवाच दिला असेल.

हाच रसेल 1858 च्या आरंभी आपल्या देशात आला. 1857 च्या उठावाने इंग्लंडात सूडाची भाषा माजली होती आणि खुद्द ‘टाइम्स’ही त्या भाषेत बोलला होता. इंग्रज स्त्रियांच्या विटंबनेच्या ज्या भयंकर कथा विलायतेत पसरल्या होत्या, त्यांचा पुरावा रसेलने शोधला. अंगच्छेद झालेल्या स्त्रियांच्या गोष्टींना त्याला आधार सापडला नाही. उलट गोऱ्यांनी चालवलेल्या सरसकट सूडाबद्दल त्याने कडक शब्दांत लिहिले, आणि त्याच्याच पत्राने ते छापले. जेत्यांच्या पत्रात जितांविषयी खरे छापून यावे, याहून त्या पत्राच्या वजनाचा दुसरा पुरावा कोणता?

आता दुसरी बाजू पाहू. वजन एकदा आले की ते सत्याच्या पारड्यात पडते तसेच असत्याच्याही पारड्यात पडू शकते. 18 एप्रिल 1887 रोजी ‘टाइम्स’ने आयर्लंडचे पुढारी पार्नेल यांच्या सहीच्या एका पत्राचा ठसा छापला. 1882 मध्ये डब्लिनच्या फिनिक्स पार्कात झालेल्या खुनांबद्दल त्या पत्रात एक प्रकारची सहानुभूती होती. पार्नेलने ते बनावट असल्याचे सांगितले, पण ‘टाइम्स’ने छापले म्हणजे खरेच, असे म्हणणारे पुष्कळ होते. शेवटी चौकशी आयोग नेमला गेला. फेब्रुवारी 1889 मध्ये पिगट नावाच्या साक्षीदाराला काही शब्द लिहून दाखवायला सांगितले, तेव्हा बनावट पत्रातल्या एका शब्दाचे स्पेलिंग जसे चुकले होते तसेच त्याने चुकवले! पिगट माद्रिदला पळाला आणि तेथे त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. ‘टाइम्स’ने पार्नेलला पाच हजार पौंड भरपाई दिली. आयोगाचा खर्च दोन लाख पौंडांच्या घरात गेला. शहाण्यासुरत्या माणसांनी चालवलेले पत्र असे कसे फसले? ते पत्र खरे असावे, अशी त्यांची इच्छा होती म्हणून. माणसाला जे हवे असते त्याचा पुरावा तो फारसा तपासत नाही.

येथे आपल्या घरचे उदाहरण आठवते. त्याआधी पाचच वर्षे, 1882 मध्ये, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाबद्दल दिवाण बर्वे यांच्यावर आरोप केले. ज्या पत्रांचा आधार घेतला ती बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली, शिक्षा भोगली, आणि डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. दोन्ही पत्रांची चूक एकाच जातीची. पण ‘केसरी’च्या चालकांनी तिची किंमत आपल्या देहाने चुकवली, आणि म्हणून त्यांच्यावरचा लोकांचा विश्वास ढळला नाही.

आणि याच टिळकांच्या वाट्याला पुढे ‘टाइम्स’चे वजन आले. व्हॅलेंटाइन चिरोल हा त्या पत्राच्या परराष्ट्र विभागाचा प्रमुख. 1910 मध्ये त्याने हिंदुस्थानातील असंतोषावर ‘टाइम्स’मध्ये लेखमाला लिहिली. त्याच वर्षी तिचे ‘इंडियन अनरेस्ट’ हे पुस्तक निघाले. टिळकांना त्याने हिंदी असंतोषाचे जनक म्हटले आणि रँड व जॅक्सन यांच्या खुनांशी त्यांच्या लिखाणाचा संबंध जोडला. हे लिहिले जात होते तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. उत्तर देण्याचीही त्यांना सोय नव्हती. सुटून आल्यावर त्यांनी चिरोल आणि त्याचे प्रकाशक यांच्यावर लंडनला फिर्याद केली. 1919 च्या जानेवारी-फेब्रुवारीत ती चालली. चिरोलच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन उभे होते. ज्यूरीने निकाल टिळकांच्या विरुद्ध दिला. खर्चाचा मोठा बोजा पडला, तो हलका करण्यासाठी महाराष्ट्राने वर्गणी जमवली. लंडनच्या ज्यूरीच्या मनात आधीच जे चित्र होते, ते वर्षानुवर्षे ‘टाइम्स’सारख्या पत्रांनी रंगवलेले होते, असे मला वाटते. गंमत ही की, शिवी म्हणून वापरलेली ती पदवी आपण टिळकांच्या नावापुढे मानाने लावतो. वाचक आपल्या अनुभवाने छापील शब्दाचा अर्थ उलटा करू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

सर्वांत मोठे पतन मात्र पुढेच होते. 1908 मध्ये पत्र लॉर्ड नॉर्थक्लिफने विकत घेतले. त्याच्या मृत्यूनंतर, 1922 मध्ये, ते ॲस्टर यांच्याकडे गेले. संपादक होता जेफ्री डॉसन. हा लाचखाऊ नव्हता, भित्रा नव्हता. पण मंत्री त्याचे स्नेही होते, आणि त्यांच्याशी खलबते करता करता पत्रकार आणि मुत्सद्दी यांतली 1852 ची रेघ पुसली गेली. जर्मनीशी युद्ध होऊ नये या सदिच्छेने त्याला झपाटले. जर्मनांचे मन दुखावेल असा मजकूर अंकात येऊ नये म्हणून आपण रोज रात्री झटतो, असे त्याने 1937 मध्ये एका सहकाऱ्याला स्वतःच लिहिले. बर्लिनचा बातमीदार नॉर्मन एबट नाझी राजवटीचे खरे स्वरूप कळवत होता, पण त्याच्या मजकुराला कात्री लागे. 1937 च्या ऑगस्टात नाझींनी त्याला हाकलले. आणि 7 सप्टेंबर 1938 च्या अग्रलेखात ‘टाइम्स’ने सुचवले की, चेकोस्लोव्हाकियाने आपला सुडेटन प्रदेश सोडून देण्याचा विचार करावा. ब्रिटिश परराष्ट्र खात्याने त्याच दिवशी हात झटकले. पण ‘टाइम्स’ बोलला म्हणजे सरकार बोलले, अशी परदेशांत समजूत होती. महिनाअखेर म्युनिचचा करार झाला. दीडशे वर्षांत कमावलेले वजन एका लहान राष्ट्राच्या छातीवर ठेवले गेले! ‘टाइम्स’ने स्वतःचा इतिहास अनेक खंडांत प्रसिद्ध केला. 1952 च्या चौथ्या खंडात या धोरणाची चिकित्सा त्याने केली, हे त्याच्या पदरात टाकलेच पाहिजे.

नंतरचे थोडक्यात सांगतो. 1966 च्या 3 मेपर्यंत या पत्राच्या पहिल्या पानावर बातमी नसे, छोट्या जाहिराती असत. त्या दिवशी बातम्या पुढे आल्या. कामगार-चालकांच्या झगड्यात 1 डिसेंबर 1978 पासून जवळजवळ वर्षभर पत्र बंद पडले. 1981 मध्ये ते रूपर्ट मर्डॉक यांच्या हाती गेले. 1986 मध्ये छपाई वॉपिंगला हलली आणि साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. 1814 च्या वॉल्टरने यंत्र आणताना कामगारांना पगाराचा शब्द दिला होता, त्याची आठवण येथे झाल्यावाचून राहात नाही.

तर मंडळी, या सुमारे दोनशे चाळीस वर्षांचे तात्पर्य काय? ‘टाइम्स’चे वजन वाढले ते त्याचा माणूस जागेवर जाऊन पाहात होता आणि पाहिलेले, धन्याला अप्रिय असले तरी, छापले जात होते तेव्हा. ते घटले ते कचेरीत बसून काय खरे असावे हे आधी ठरवले गेले तेव्हा. हेतू वाईट असला तरच पत्र खोटे बोलते, असे नाही. चांगल्या हेतूनेही ते खोटे बोलते, आणि ते अधिक घातक, कारण ते ओळखू येत नाही.

आता यात तुमचा-माझा भाग कोणता? आज “पेपरात आलंय”च्या जागी “मोबाइलवर आलंय” असे आपण म्हणतो, एवढाच फरक. बातमी वाचताना तीन गोष्टी विचाराव्यात. हे कोणी डोळ्यांनी पाहिले आहे का? याचा खर्च कोण करतो आहे? आणि चूक झाली, तर ती कबूल करण्याची रीत या पत्राला आहे का? आणखी एक चौथी गोष्ट आहे, ती स्वतःला विचारायची : हे खरे असावे असे मला वाटते म्हणून तर मी ते खरे मानत नाही ना? पार्नेलचे बनावट पत्र छापणाऱ्यांनी हा एक प्रश्न स्वतःला विचारला असता, तर त्यांची लाखो पौंडांची आणि त्याहून मोलाची अब्रू वाचली असती.

वर्तमानपत्राला वजन देणारे आपणच आहोत. भाजीवाल्याच्या तराजूवर आपण नजर ठेवतो, तशीच येथेही ठेवली पाहिजे.