केबलच्या अंगावरची अक्षरं वाचा

मागच्यांनी पुढे येऊन बसा. उद्या पहाटे सगळ्यांची बस आहे, त्यामुळे फार वेळ घेत नाही.

मी इलेक्ट्रिकल कामाचा सुपरवायझर. गावाकडे डिप्लोमा केला आणि गेली काही वर्षं इथे यूएईत आहे. मॉल, हॉस्पिटल, मेट्रो स्टेशन अशा ठिकाणी आपण रोज किलोमीटरच्या हिशेबाने केबल ओढतो. पण आग लागल्यावर ती केबल काय करते, हे आपल्याला कुणी सांगत नाही. आज तेवढंच सांगतो.

जर्मनीत ड्युसेलडॉर्फ विमानतळावर 11 एप्रिल 1996 ला वर रस्त्याच्या कामात वेल्डिंग चालू होतं. ठिणगी खाली फॉल्स सीलिंगवरच्या पोकळीत गेली. तिथलं इन्सुलेशन पेटलं, केबली पेटल्या आणि धूर इमारतभर पसरला. 17 माणसं गेली. लक्षात घ्या, अशा आगीत ज्वाळा पोचायच्या आधी धूरच माणसाला गाठतो.

साधी पीव्हीसी केबल जळली की काळा दाट धूर येतो. पीव्हीसीत क्लोरीन असतं. जळताना त्याचा वायू होतो आणि डोळ्यांच्या, घशाच्या ओलाव्यात मिसळून त्याचं ॲसिड बनतं. डोळे उघडत नाहीत. दार दहा पावलांवर असलं तरी सापडत नाही. म्हणून गर्दीच्या इमारतीत एल-एस-झेड-एच केबल मागतात. ती जळते, पण धूर कमी होतो आणि हे ॲसिड तयार होत नाही.

दुसरी असते फायर रेझिस्टंट. तिच्यात तांब्यावर बहुतेक वेळा अभ्रकाची पट्टी गुंडाळलेली असते. आगीतही ती ठरावीक वेळ वीज नेते. फायर अलार्म, इमर्जन्सी लाइट, धूर ओढणारे पंखे, फायर पंप यांच्यासाठी ती लागते. या दोन्हींत गल्लत करू नका. धूर कमी करणारी प्रत्येक केबल आगीत चालू राहतेच असं नाही.

आता माझीच गोष्ट सांगतो. एका हॉस्पिटलच्या कामावर बीडकडचा एक नवा हेल्पर मला म्हणाला, "दादा, कालच्या ड्रमवर लिहिलं होतं ते आजच्या केबलवर नाही." बघितलं तर साधी पीव्हीसी. वरचा साहेब म्हणाला, "ओढा हो, सीलिंग बंद झाल्यावर कोण बघतंय?" आणि खरं सांगतो, त्या दिवशी मी गप्प बसलो. संध्याकाळपर्यंत ओढत राहिलो. रात्री झोप लागली नाही. त्या मजल्यावर उठून पळता न येणारे पेशंट झोपणार होते.

सकाळी ड्रमचा नंबर आणि फोटो घेऊन कन्सल्टंटच्या इन्स्पेक्टरला लेखी दिलं. सगळी केबल काढावी लागली. मला बोलणी बसली, महिनाभर ओव्हरटाइम मिळाला नाही. हेल्परला मात्र कुणी काही केलं नाही, कारण कागदावर नाव माझं होतं. म्हणून तुम्ही एकट्याने भांडू नका. सुपरवायझरला सांगा, लेखी द्या. साइटवर फोटोला मनाई असेल तर ड्रमचा नंबर, तारीख आणि मजला वहीत लिहून ठेवा. आणि इथे कुणी सुपरवायझर बसले असतील तर त्यांना सांगतो, पोराने विचारलं तर त्याच्यावर ओरडू नका.

कामावर तीन गोष्टी पाळा.

एक, ओढायच्या आधी केबलवर छापलेली अक्षरं वाचा आणि ड्रॉइंगशी जुळवा. इंग्रजी येत नसेल तर अक्षरांचा आकार जुळवा, माझ्या हेल्परने तेच केलं.

दोन, माणसांच्या वाटेवर केबल फक्त प्लॅस्टिकच्या टायवर लटकवू नका. उष्णतेने टाय वितळतात, केबल खाली पडते आणि पळणारे, विझवणारे तिच्यात अडकतात. धातूच्या क्लिपा मागा.

तीन, भिंतीतून केबल नेल्यावर राहिलेलं भोक गोणपाट कोंबून सोडू नका. फायर सीलंटने बंद झालं की नाही ते बघा. धूर त्याच भोकातून पुढच्या खोलीत जातो.

आता आपल्या खोलीचं. कुवेतमध्ये मंगफला 12 जून 2024 च्या पहाटे कामगारांच्या इमारतीला आग लागली, आपले 45 भारतीय गेले. कारण शॉर्ट सर्किट, असं तिथल्या अग्निशमन दलाने सांगितलं. बरेच जण धुराने गुदमरले. आपल्याकडे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर शेगडी, किटली आणि चार चार्जर असतात. आज रात्री तो बोर्ड हात लावून बघा, गरम लागला तर लोड कमी करा. जिन्यात गाद्या, सायकली ठेवू नका. बाहेर पडायच्या दाराला कुलूप असेल तर कॅम्प बॉसकडे चौघांनी मिळून जा आणि ते काढायला लावा. हे मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. इथे आगीसाठी नंबर 997, फोनमध्ये आत्ताच घाला.

मी दोन्ही केबलींचे तुकडे आणलेत. हातात घ्या, अक्षरं वाचा, पण पेटवून बघू नका. आता विचारा काय विचारायचं ते.