तारपा, कप्तान आणि पाळीचा सुपरवायझर
(विद्यार्थी व कामगार मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय पत्रिकेवर वाचून काही ज्येष्ठ सभासदांनी आम्हाला विचारले की, क्रिकेट आणि पॉप संगीत यांचा कारखान्याशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. आपल्या वस्तीतील पहिली पिढी तारापूरच्या कारखान्यांत हेल्पर म्हणून लागली. तिची मुले आयटीआय, डिप्लोमा करून ऑपरेटर झाली, सुपरवायझर झाली, कोणी शिफ्ट इन्चार्ज झाले. हाताखाली दहा-वीस माणसे आली. त्या माणसांशी कसे वागावे हे आयटीआयमध्ये शिकवत नाहीत. मग आपला मुलगा ते कोठून शिकतो? ज्या साहेबाने त्याच्यावर आरडाओरडा केला त्याच्याकडून! शिकायला त्याहून बऱ्या जागा आहेत, एवढेच आज सांगायचे आहे.

प्रथम आपल्याच मातीतले. डहाणू, जव्हार, विक्रमगडकडे वारली बांधवांचा तारपा नाच आपण सर्वांनी पाहिला आहे. गंजाडचे पद्मश्री जिव्या सोमा मशे यांनी त्याची चित्रे काढली आणि ती जगभर गेली. वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांचे ते वाद्य. वाजवणारा मध्ये, नाचणारे त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला धरून. सूर बदलला की पाऊल बदलते. तारपाकडे कोणी पाठ करत नाही, असा रिवाज आहे. आता गंमत पाहा. तारपावाला कोणालाही हुकूम देऊ शकत नाही, कारण त्याचे तोंड वाद्याला लागलेले असते! स्वतः रात्रभर दम लावून फुंकतो, म्हणून साखळी त्याच्यामागे फिरते. आपल्याकडचे काही इन्चार्ज ऑफिसात बसून नुसते फोनवरून पाळी चालवतात, त्यांना हा नाच एकदा दाखवावा.

आता ज्याला पॉप म्हणतात त्याकडे येऊ. विद्यार्थ्यांना क्वीन या इंग्रज बँडचे नाव ठाऊक असेल. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बुलसारा, पारशी कुटुंबातला, जन्म १९४६ साली झांझिबारचा. बुलसारा म्हणजे बुलसरचे, आजच्या वलसाडचे. बोईसरवरून गुजरातकडे जाणाऱ्या गाडीच्या वाटेवरचे ते गाव. शिक्षण आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले. तेथे मुलांनी एक वाद्यवृंद काढला होता, नाव हेक्टिक्स. त्यात हा मुख्य गायक नव्हता, पियानोवर बसून साथ करीत असे. पुढे १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर सुमारे बहात्तर हजार लोकांसमोर याच मुलाने नुसत्या आवाजाने सारे मैदान आपल्याबरोबर गायला लावले. सुमारे वीस मिनिटांचा तो कार्यक्रम. पण त्याआधी काही दिवस चौघांनी घड्याळ लावून तालीम केली होती. ही तालीम कोणाला दिसत नाही, हातवारे मात्र सगळे उचलतात.

आम्हाला त्यांची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. या बँडमधले चौघेही गाणी लिहीत. ज्याचे गाणे त्याचे नाव आणि त्याचाच मेहनताना, असा हिशेब असल्यामुळे कोणाचे गाणे रेकॉर्डवर घ्यायचे यावर वर्षानुवर्षे भांडणे होत. १९८९ साली 'द मिरॅकल' हा संच काढताना त्यांनी ठरवले की, गाणे कोणीही लिहो, नाव चौघांचे लागेल. म्हणजे निवड गाणे चांगले की वाईट एवढ्यावरच होईल. फ्रेडी तेव्हा आजारी होता. १९९१ साली तो वारला, तोवर चौघे एकत्र काम करीत राहिले.

आपल्या प्लँटमध्ये काय होते? रात्रपाळीच्या हेल्परच्या लक्षात येते की अमुक पंपाचा आवाज बदलला आहे. तो सुपरवायझरला सांगतो. सुपरवायझर सकाळच्या मीटिंगमध्ये ते स्वतःच्या नावावर सांगून शाबासकी घेतो. पुढच्या वेळी हेल्पर गप्प बसतो. हे गप्प बसणे स्वस्त नाही, मित्रहो! रसायनांच्या कारखान्यात रिअॅक्टरचे तापमान चढते, व्हॉल्व्ह गळतो, ते प्रथम जवळ उभ्या असलेल्या माणसाला कळते. आणि तो माणूस बहुधा कंत्राटी असतो. त्याला भीती ही की बोललो तर ठेकेदार उद्या गेटपास काढून घेईल. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोळवड्याकडे जो स्फोट झाला त्याचा हादरा किती लांबवर बसला आणि किती घरांत त्या रात्री चूल पेटली नाही, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. त्याचे कारण काय, हा तपासाचा विषय. आम्ही त्यावर बोलत नाही. आम्ही बोलतो ते लॉगबुकात हेल्परचे नाव लिहिण्याबद्दल. 'पंपाचा आवाज अमक्याच्या लक्षात आला' एवढी एक ओळ. तिला पैसे पडत नाहीत.

आता खेळ. पालघरचा शार्दूल ठाकूर आपल्या सर्वांचा. मुंबईची लोकल डहाणूपर्यंत आली ती २०१३ साली. त्याच्या लहानपणी पहाटे शटल-मेमू धरून, किटबॅग सांभाळत मुंबई गाठावी लागे. ते हाल या सभागृहातल्या प्रत्येक पासधारकाला ठाऊक आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याला पहिली कसोटी मिळाली आणि अवघे दहा चेंडू टाकून तो जायबंदी झाला. पुढची कसोटी दोन वर्षांनंतर, जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला. भारताचे बुमराह, अश्विन, जडेजा, शमी असे सगळे मातब्बर दुखापतीने बाहेर, कोहली रजेवर, कप्तान अजिंक्य रहाणे. शार्दूलने पहिल्याच चेंडूवर बळी घेतला. मग ६ बाद १८६ असताना तो आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी १२३ धावांची भागी केली. शार्दूलच्या ६७. सामन्यात बळी सात. ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर त्या मैदानावर हरली नव्हती, ती हरली.

पण आम्हाला बोलायचे आहे रहाणेबद्दल. डोंबिवलीत वाढलेला, कमी बोलणारा. मेलबर्नच्या कसोटीत जडेजाच्या धावेच्या हाकेवर तो शतकानंतर धावबाद झाला, तेव्हा चिडण्याऐवजी जडेजाला धीर देऊन तंबूत परतला. सिडनीत प्रेक्षकांनी सिराजला वंशावरून शिव्या दिल्या, तेव्हा रहाणेने त्याला 'दुर्लक्ष कर' म्हटले नाही. तो सिराजसोबत पंचांकडे गेला, खेळ थांबला, प्रेक्षक बाहेर काढले गेले आणि मग संघ पुन्हा खेळला. जिंकल्यावर चषक त्याने नवख्या नटराजनच्या हाती दिला. हाताखालच्या माणसाचा अपमान होत असताना साहेबाने काय करावे, याचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हाला दुसरे सापडत नाही. २०२५-२६ च्या हंगामात मुंबईच्या रणजी संघाचे कप्तानपद शार्दूलकडे आले आणि रहाणे त्याच्या हाताखाली साधा फलंदाज म्हणून खेळला. आपल्याकडे ज्युनियरला प्रमोशन मिळाले की सीनियर आठवडाभर सिक लीव्हवर जातात!

आता थोडे मागे जाऊ. कप्तानपद कोणाला द्यायचे हा प्रश्न आपल्या समाजाने फार पूर्वी सोसला आहे. पळवणकर बाळू, चर्मकार समाजातला, १८७६ चा जन्म. पुण्यात मैदान झाडणे, जाळे बांधणे, साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणे हे त्याचे काम. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. पण पुण्यात हिंदू संघातले सहकारी मैदानावर त्याचा चेंडू घेत आणि चहाच्या वेळी त्याला तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. देशातला उत्तम गोलंदाज असूनही त्याला हिंदू संघाचे कप्तानपद दिले नाही. १९२० साली धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी या अन्यायाविरुद्ध संघातून माघार घेतली. १९२३ साली विठ्ठल कप्तान झाला, संघ जिंकला, आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. त्याने 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिले आहे. विद्यार्थ्यांनी मिळवून वाचावे. बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभा राहून पडला, हे आम्हाला माहीत आहे. ते राजकारण त्याच्या जागी. मातीच्या भांड्यातला चहा आपला कोणीही विसरू नये.

आणि म्हणूनच एक कडू गोष्ट बोलतो. कँटीनमध्ये कंत्राटी कामगारांचे टेबल वेगळे, ग्लास वेगळे, असे जेथे आहे तेथे आपला सुपरवायझर कोणत्या टेबलावर बसतो? परप्रांतीय किंवा आदिवासी हेल्परला तो नावाने हाक मारतो की 'ए' म्हणून? बदल नियमात व्हायला वेळ लागेल. पण आपल्या मुलाला ताट उचलून त्या टेबलाकडे जायला कोणाची परवानगी लागत नाही.

मंडळाच्या वार्षिक क्रिकेट सामन्यांत यंदा आम्ही एक बदल सुचवला आहे. प्रत्येक संघात कप्तान सामन्यागणिक बदलेल, आणि वर्षभरात एकदाही कप्तान न झालेल्या खेळाडूला आधी संधी मिळेल. काही संघांनी कुरकुर केली आहे. त्यांचे म्हणणे असे की अशाने हरू. हरतीलही. नावे कार्यालयात संध्याकाळी पहिली पाळी सुटल्यानंतर घेतली जातील. मुलींच्या कबड्डी संघालाही हाच नियम आहे.

जयभीम!