एक पैसा आणि सर्वांचा भरवसा
(एका व्याख्यानाचा सारांश)



सार्वजनिक कार्यासाठी वर्गणी मागावयास गेलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याने एक प्रश्न ऐकलेला असतो : ‘मी एकट्याने नाही दिले, तर काय अडणार आहे?’ हा प्रश्न केवळ कंजूषपणाचा नाही. तो हिशेबाचा आहे. हजार कुटुंबांच्या गावात तळ्याचा गाळ काढावयाचा असेल, तर मी न देताही वाढलेले पाणी मला मिळणारच. समूह जितका मोठा, तितका हा मोह मोठा, हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मॅन्सर ओल्सन यांनी १९६५ साली दाखवून दिले.

मग लोकवर्गणी यशस्वी होते कशी? विसाव्या शतकाच्या प्रारंभी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून ‘पैसा फंड’ उभा केला. लोकमान्य टिळकांचे त्यास पाठबळ होते. रुपयाचे तेव्हा ६४ पैसे होत. या फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला आणि तेथे काचकाम शिकविले जाऊ लागले. असे शिक्षण स्वखर्चाने देण्यास खासगी कारखानदार कचरतो. कारण तयार झालेला कारागीर उद्या दुसऱ्याकडे जातो. कारखानदाराचा तो तोटा, पण देशाचा लाभ! म्हणूनच तेथे सर्वांचा पैसा लागतो.

मात्र एकेक पैसा पगारी माणसांकरवी गोळा करावयाचा म्हटले, तर वसुलीचा खर्चच जमेहून अधिक होईल. अशा निधीतील सर्वांत मोठी देणगी पावतीपुस्तकात कधीच दिसत नाही. ती असते दारोदार फिरणाऱ्याच्या वेळेची.

अर्थशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत वारंवार आढळले आहे की, प्रारंभी माणसे आपल्याजवळील साधारण निम्मी रक्कम सामायिक निधीत घालतात. इतर देत नाहीत असे दिसताच हात आखडतात. म्हणजे माणूस मुळात फुकट्या नसतो. एकटे पडण्याची त्याला धास्ती असते. २००९ साली नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील कुरणे, जंगले व पाटबंधारे अभ्यासून सांगितले की, नियम लोकांनीच ठरविले आणि देखरेखही त्यांनीच ठेवली, तर सामायिक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

तेव्हा वर्गणीचा आकडा सर्वांना झेपेल असा ठेवावा. ज्याला तोही झेपत नाही, त्याचे श्रम तितक्याच आदराने स्वीकारावेत. जमाखर्च मात्र न मागता, वेळेवर, चव्हाट्यावर मांडावा. बुडालेला रुपया पुन्हा मिळविता येतो. बुडालेला भरवसा पुढच्या पिढीच्या कार्यकर्त्यालाही दारातून परत पाठवितो.