कावीळ नव्हती
(नाकाडोंगरी येथील महिला मेळाव्यातील भाषण)


चार वर्षांपूर्वी मी दोन महिने रजेवर होते. कावीळ झाली, असं सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. झोप लागत नव्हती, मरावंसं वाटत होतं. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, दुसऱ्यांना धीर देणारी! तरी गोळ्या डाळीच्या डब्यात लपवत होते. गोळ्यांनी गुण आला. सासूबाई रोवणीच्या दिवसांत रोज हात धरून बांधावर नेऊन बसवत, त्यानंही आला.

गेल्या महिन्यात बचत गटात हे पहिल्यांदा बोलले. त्याच संध्याकाळी एक बाई घरी आली. सहा महिने ती मांत्रिकाकडे खेपा घालत होती. "ताई, आधी का नाही सांगितलंत?" मी गप्प बसले.

पुण्यात 'बापू ट्रस्ट' ही संस्था दिवंगत भार्गवी दावर यांनी १९९९ साली काढली, आईच्या नावानं. आईचा मानसिक आजार त्यांनी लपवला नाही. २०१७ च्या कायद्यानं सरकारी मानसोपचार हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे. १४४१६ या फुकट फोनवर मराठीत बोलता येतं.

जेवणानंतर मी मागच्या खोलीत बसणार आहे. एकटीनं बोलायचं असेल तिनं यावं.