मुदत नसलेली स्थगिती



उद्याच्या खुल्या अधिवेशनातल्या ठरावांचा मसुदा काल माझ्या हाती आला. पहिलाच ठराव असा, की वैज्ञानिक संशोधनावर सरकारने कोणतेही बंधन घालू नये. अध्यक्षाने ठरावांना मान डोलवायची असते. या ठरावापुरते मला ते जमणार नाही.

बंधनाची भाषा आधी शास्त्रज्ञांनीच केली होती. १९७४ साली पॉल बर्ग आणि सहकाऱ्यांनी जनुकजोडणीचे काही प्रयोग तूर्त थांबवा, असे जाहीर पत्र लिहिले. पुढच्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या असिलोमारला जमून कोणता प्रयोग किती बंदिस्त प्रयोगशाळेत करायचा, याचे दंडक त्यांनीच घातले. तरी अमेरिकेतल्या केंब्रिज शहराचे समाधान झाले नाही. हार्वर्ड आणि एमआयटी याच गावात. १९७६ मध्ये तिथल्या नगरपालिकेने अशा जोखमीच्या प्रयोगांना तीन महिन्यांची स्थगिती दिली आणि चौकशीला सामान्य नागरिकांची समिती नेमली. समितीत एक नन होती, एक तेलाचा व्यापारी होता, जनुकशास्त्रज्ञ एकही नव्हता. आपल्यापैकी कित्येकांना हे हास्यास्पद वाटेल. त्या मंडळींनी महिनोन् महिने साक्षी ऐकल्या, उलटतपासणी घेतली. स्थगिती थोडी लांबली, पण १९७७ च्या फेब्रुवारीत नियमांसह परवानगी मिळाली. पुढे जैवतंत्रज्ञानाच्या कंपन्यांनी त्याच गावात गर्दी केली. नियम स्पष्ट असले की पैसा गुंतवणाऱ्यालाही बरे पडते.

आता आपल्याकडे या. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीला तोंड देणारे बीटी वांगे जालन्याच्या महिकोने तयार केले. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला. मंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. सुनावण्या घेतल्या हे उत्तमच झाले. चाचण्यांची बरीचशी माहिती कंपनीचीच होती, हा आक्षेपही रास्त होता. पण स्वतंत्र अभ्यास होईपर्यंत थांबा म्हणताना तो कधीपर्यंत पुरा करायचा, हे ठरलेच नाही. आदेशाला मुदतच नव्हती. महिकोकडूनच तंत्र घेऊन बांगलादेशाने स्थानिक वाणांत ते वांगे उतरवले आणि जानेवारी २०१४ मध्ये वीस शेतकऱ्यांच्या हाती रोपे दिली. आपली फाइल होती तिथेच राहिली.

फाइल थांबली म्हणून शेत थांबत नाही. तणनाशक सोसणाऱ्या कापसाच्या परवानगीचा अर्ज महिकोने २०१६ मध्ये मागे घेतला, तरी ते बियाणे वऱ्हाडात पोचलेच. गावोगाव त्याला चोरबीटी म्हणतात. पाकिटावरच्या नावाचा भरवसा नाही, पक्के बिल नाही. उगवले नाही तर शेतकरी तक्रार तरी कुठे नेणार? घरी बसून दुबार पेरणीचा हिशेब मांडायचा. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी ते उघडपणे पेरले. कायदा मोडला हे खरेच; पण ऐन हंगामात निंदणीला मजूर मिळत नाहीत, तेव्हा बांधावर उभ्या माणसाला कलमे वाचून दाखवून काय उपयोग? जैवसुरक्षेच्या नावाने घातलेल्या बंदीतून कोणीही न तपासलेले बियाणे शेतात यावे, ही आपल्या व्यवस्थेची कमाल म्हणायची.

आणि नुसत्या परवानगीनेही भागत नाही. बीटी कापसाच्या पिशवीसोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणे मिळे. अळीत प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये म्हणून ते शेताभोवती लावायचे होते. किती जणांनी लावले, हे इथल्या कृषी सहायकांना विचारा. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली, तेव्हा त्या न लावलेल्या ओळींची आठवण झाली. नियम होता, तो पाळला जातो का हे पाहणारे कोणी नव्हते.

म्हणून पहिल्या ठरावाला मी दुरुस्ती सुचवतो. सरकारला संशोधन थांबवता यावे. मात्र थांबवण्याच्या आदेशातच कोणत्या शंकेचे उत्तर हवे, ते कोणी आणि कोणाच्या पैशाने शोधायचे, निर्णय कोणत्या तारखेला होणार, हे लिहिलेले असावे. निर्णयाविना तारीख उलटली, तर मंत्र्यांनी सभागृहात कारण द्यावे. सूचक मी आहे. अनुमोदक उद्यापर्यंत हवा आहे.